जित्या लेकराची टोपी

"ही नको, ताई," असं म्हणत द्वारकाने टोपी माझ्या हातात परत ठेवली.

मी बघतच राहिले. आयुष्यात पुरी केलेली माझी ती पहिली क्रोशाची टोपी. दिवाळीपासून खपत होते तिच्यावर. पांढऱ्या लोकरीची होती, पण उसवून उसवून आणि पुन्हा विणून पार राखाडी झालेली. एक कान दुसऱ्यापेक्षा खाली आला होता. पण टोपी होती, डोक्यात जात होती! आणि ही बाई उसाच्या पाचटाच्या झोपडीत, कोपीत बसून, मांडीवर उघड्या डोक्याचं तान्हं पोर घेऊन, भर जानेवारीच्या गारठ्यात मला 'नको' म्हणत होती.

"का गं? रंग पसंत नाही का?" माझ्या आवाजाला धार आली असणार, कारण शेजारी उभ्या असलेल्या, आमच्या कॉलनीतल्या हिरेमठ काकूंनी मला कोपराने ढोसलं.

"रंगाचं काय न्हाई. नवी हाय ती." द्वारकाने पोराच्या टाळूवर पदर ओढला. "नव्या कापडात माझं लेकरू टिकत न्हाई, ताई. दोन गेली. आमची सासू म्हनली, ह्याला नवं घालू नगंस, जगल्या-वाचल्या लेकराचं जुनं मागून आन. तसं आसंल तर द्या. जितं लेकरू, मोठं झालेलं. त्याच्या डोक्यावरचं."

त्या वेळी माझं लग्न होऊन वर्ष व्हायचं होतं. ह्यांना साखर कारखान्यात शिफ्ट इंजिनियरची नोकरी, राहायला कॉलनीत क्वार्टर. दिवसभर नाकात मळीचा वास आणि हाताला काम नाही. कॉलनीतल्या बायकांचं भगिनी मंडळ होतं. बीडकडून ऊसतोडीला येणाऱ्या लोकांच्या लेकरांसाठी दर हिवाळ्यात टोप्या, मोजे, शाली विणायच्या आणि संक्रांतीच्या सुमाराला वाटायच्या, असा त्यांचा नेम. मला क्रोशाचा गंध नव्हता. मला शिकवायचं काम अक्कांनी अंगावर घेतलं.

अक्का म्हणजे चीफ केमिस्ट इंगवले साहेबांच्या पत्नी. काटकुळ्या, तरतरीत आणि बोलायला फटकळ. "मुठीत काय कोयता धरलायस? सुई आहे ती. हात सैल सोड, कुंदा, लोकर काही पळून जात नाही." टोपी मधल्या कड्यापासून गोल गोल वाढवत न्यायची आणि वेळेवर वाढवणं थांबवायचं, तर ती डोक्याला बसते. मला थांबायचं कळायचंच नाही. माझ्या टोपीची थाळी व्हायची. अक्का ती हातात घ्यायच्या, एक दोरा ओढायच्या आणि माझी आठवड्याची मेहनत भुर्रकन सुटून त्यांच्या मांडीवर ढीग व्हायची. "आमचा सुहास असाच धसमुसळा," त्या म्हणायच्या. "हं, पुन्हा घाल साखळी."

सुहास हा त्यांचा मुलगा. पुण्याला इंजिनियरिंगला. प्रत्येक शिकवणीत तो यायचाच. सुहासला भेंडी चालत नाही, सुहासच्या चष्म्याचा नंबर वाढला, सुहास ह्या सुट्टीत येणार होता पण मित्रांबरोबर गडावर गेला. खरं सांगते, मी तर त्याला न बघताच कंटाळले होते. एकुलत्या एका मुलाची आई असंच बोलायची, म्हणून मी हं हं करत टाके मोजायचे.

तर त्या दिवशी कोप्यांवरून आम्ही टोपलीभर टोप्या तशाच घेऊन परत निघालो. एकट्या द्वारकाचं नव्हतं. ज्या बायकांनी टोप्या घेतल्या होत्या त्यांनीही लेकरांना घातल्या नव्हत्या. बाहेर येऊन बघतो तर हिरेमठ काकूंची लाल-पिवळी टोपी एका बैलाच्या शिंगावर! दुसऱ्या शिंगावर जोडीची निळी.

"अगं बाई," काकू म्हणाल्या, "निदान कुणाला तरी उबेला लागली." आणि स्वतःच हसत सुटल्या. मला मात्र हसू येईना. त्या पोराची उघडी टाळू माझ्या डोळ्यांपुढून हलत नव्हती.

दुसऱ्या दिवशी मंडळात हाच विषय. जिने तिने घरात शोधाशोध केली होती. तान्ह्या मुलाची जुनी टोपी घरात राहते कुठे? कुणी भावजयीला दिलेली, कुणाची कसरीने खाल्लेली, कुणाची बोहारणीला गेलेली. हिरेमठ काकूंच्या मुलांची तर म्हणे त्यांच्या कुत्रीने पिलांखाली अंथरली होती.

"माझ्याकडे आहे," अक्का म्हणाल्या. त्यांनी विणकामातून मान वर केली नव्हती. "आमच्या सुहासची."

दोन दिवसांनी अक्का, हिरेमठ काकू आणि मी कोप्यांवर गेलो. अक्कांनी पिशवीतून टोपी काढली. लिंबासारखी पिवळी, कडेला निळी झालर, हनुवटीखाली बांधायला दोन बंद. इतक्या बारीक टाक्यांची वीण मी तोवर पाहिली नव्हती. नुकतीच धुऊन वाळवलेली, साबणाचा वास येत होता.

द्वारकाने हात पुढे केला नाही. आधी अक्कांच्या तोंडाकडे बघितलं. "लेकरू जितं हाय नव्हं, आक्का?"

"आहे की."

"मोठं झालंय?"

"चांगलं ताडमाड झालंय. मला वर मान करून बोलावं लागतं त्याच्याशी."

द्वारकाचं तोंड असं फुललं की काय सांगू! तिने पोर उचलून अक्कांच्या मांडीवर दिलं. "मंग तुमच्या हातानं घाला."

अक्कांनी टोपी घातली. बंद बांधताना त्यांच्या बोटांना इतका वेळ लागत होता, की शेवटी हिरेमठ काकू म्हणाल्या, "आण इकडे, मी बांधते." अक्कांनी त्यांचा हात बाजूला केला. त्या पोराचं नाव दगडू ठेवलं होतं, कुणाची नजर जाऊ नये म्हणून. दगडूने जांभई दिली आणि झोपून गेला. परतताना अक्का सारख्या मागे पडत होत्या. दमल्या असतील, असं मला वाटलं.

त्यानंतर अक्का रोज कोप्यांवर जायला लागल्या. कधी मेथीचे लाडू, कधी बाळंतशोपा, काही ना काही निमित्त. माझी शिकवणी मागे पडली. एका दुपारी मी त्यांच्याकडे गेले, तर दार उघडं, अक्का घरात नाहीत आणि आतल्या खोलीत साहेब जेवणाच्या सुट्टीत आलेले, ट्रंकेपुढे उकिडवे बसलेले. सगळ्या साड्या, शाली जमिनीवर.

"कुंदावहिनी," मला बघून ते म्हणाले, "इथे एक टोपी होती. पिवळी."

"ती ना? द्वारकाच्या बाळाला दिली अक्कांनी," मी मोठ्या कौतुकाने सांगितलं. "सुहासची जुनी टोपी. इतकी गोड दिसते बाळाला!"

साहेब खाली बसले. तिथेच, साड्यांच्या पसाऱ्यात. "तरीच," ते म्हणाले. "मागच्या आठवड्यात दोरीवर वाळत घातलेली दिसली मला. एवढ्या वर्षांत तिने ती धुतली नव्हती."

मी म्हटलं, "का?"

"वास जाऊ नये म्हणून."

तरी माझ्या टाळक्यात प्रकाश पडला नाही. मी वेड्यासारखी उभी. मग साहेबांनीच सांगितलं. ते प्रयोगशाळेत बोलत तसंच, सरळ, खालच्या आवाजात. सुहास सात महिन्यांचा होता. तेव्हा ते दुसऱ्या कारखान्यावर होते, आडबाजूला. सकाळी ताप चढला, बैलगाडीतून तालुक्याला नेईपर्यंत दुपार झाली आणि दुपारी सगळं आटोपलं. टोपी तेवढी अक्कांनी काढून घेतली.

"ती वेडी नाही हो," साहेब म्हणाले. "तसं समजू नका. तिला सगळं माहीत आहे. इथे बदलून आलो, पहिल्याच दिवशी कुणीतरी विचारलं, मुलंबाळं? ती म्हणाली, एक मुलगा आहे, पाचवीत, आजोळी शिकतो. मी गप्प बसलो. म्हटलं, परक्या गावात कशाला दुखणं उगाळायचं. पुढच्या वर्षी तो सहावीत गेला. मग मला ते थांबवायचं कसं, तेच कळेना."

घरी आले. मी विज्ञानाची पदवीधर. नवं कापड, जुनं कापड, असल्या गोष्टींना मी डोंबल्याची किंमत देत नव्हते. आणि तरी डोळे मिटले की दिसायचं, त्या पोराच्या डोक्यावर गेलेल्या पोराची टोपी, बंद घट्ट बांधलेले. हे माझ्या मनात कुठून आलं, कुणी घातलं, देव जाणे. पण आलं ते जाईना. ह्यांना सांगावं तर साहेबांनी विश्वासाने सांगितलेलं. द्वारकाला सांगावं तर ती काय करेल? अक्कांना विचारावं तर कोणत्या तोंडाने?

शेवटी मी मिरजेला माझ्या थोरल्या बहिणीला निरोप धाडला. तिच्या मुलाची लहानपणची टोपी असली तर दे म्हणून. तो भाचा माझा चांगला धडधाकट, शेजाऱ्यांच्या काचा फोडण्यात पटाईत. कारखान्याच्या ट्रकमधून टोपी आली. मरून रंगाची, सुमार विणलेली, दुधाचे डाग पडलेली. मला ती बघून इतका आनंद झाला! ठरवलं, सरळ कोपीवर जायचं, म्हणायचं ती पिवळी धुवायला दे, तोवर ही घाल. आणि पिवळी परत द्यायचीच नाही.

गेले तर कोपीपुढे बायका गोळा झालेल्या. दगडू द्वारकाच्या मांडीवर, डोळे अर्धे मिटलेले, प्रत्येक श्वासाला बरगड्या आत ओढल्या जात होत्या. टोपी डोक्यावर होती.

"डबा झालाय त्याला," म्हातारी सासू म्हणाली. छाती भरली की ते लोक तसं म्हणतात. "काल सांजच्यापून दूध तोंडात घेत न्हाई."

"मग बसलात काय?" मी ओरडलेच. "दवाखान्यात न्यायचं सोडून! चल ऊठ, जीप मागवते मी."

द्वारका उठली नाही. माझ्याकडे नुसती बघत राहिली. रात्रभर जागून तिचे डोळे लालभडक झाले होते.

"ताई, खरं सांगा. ही टोपी जित्या लेकराची हाय नव्हं?"

"असं का विचारतेस?"

"दूध घालनारी म्हनती, केमिस्ट सायबाच्या घरी पोरगा म्हनून कुनी कंदी बघितलाच न्हाई. दिवाळीला न्हाई, उन्हाळ्याला न्हाई." तिचा आवाज फुटला. "मेल्याची आसंल, तर त्यो न्यायलाच आलाय ह्याला. मंग डाक्टर काय करनार? हितंच ऱ्हाऊ द्या. माझ्या मांडीवर तरी जाईल."

म्हातारी म्हणाली, "आक्कास्नी काय इचारायचं? त्या हायच म्हननार. तुमी त्यांच्या घरात रोज बसता. तुमी सांगा."

माझ्या पिशवीत भाच्याची टोपी होती. पण आता ती बाहेर काढायची म्हणजे पिवळीचं बिंग फोडायचं. आणि ते फुटलं की ही बाई इथून हलणार नाही, हे तिच्या बसण्यावरून मला स्वच्छ दिसत होतं. पोर धाप टाकत होतं.

"जिता आहे," मी म्हणाले. "मी बघितलाय त्याला."

"बघितलाय? तुमच्या डोळ्यांनी?"

"माझ्या डोळ्यांनी. दिवाळीत येऊन गेला. दूध घालणारीला काय ठाऊक, ती सकाळी येते, तो तेव्हा लोळत पडलेला असतो."

द्वारकाने माझं मनगट धरलं. कोयता चालवणारा तिचा हात, मला सोडवून घेता आलं नसतं. तिने माझा तळवा दगडूच्या डोक्यावर ठेवला, त्या टोपीवरच, आणि वरून स्वतःच्या हाताने दाबला. "माझ्या लेकराच्या डोक्यावर हात ठेवून सांगा."

सगळ्या बायका जवळ सरकल्या. लोकरीतून त्या डोक्याचा ताप माझ्या हाताला चटके देत होता. टाळू उडताना मला लागत होती. आता खोटं बोललीस तर हे पोर तू घालवलंस, असं कुणीतरी माझ्या कानात बोलल्यासारखं झालं. अहो, मी, विज्ञानाची पदवीधर!

"इंगवले अक्कांचा सुहास जिता आहे," मी म्हणाले. "मोठा झालाय. ह्या दगडूच्या डोक्यावर हात ठेवून सांगते. आता तरी ऊठ."

द्वारका उठली.

जीपमध्ये ती दगडूला छातीशी धरून बसली होती आणि सारखी तेच विचारत होती, दिसायला कसा हाय, बोलतो कसा, जेवतो का नीट. मी सांगत होते. काय काय सांगितलं मलाच आठवत नाही. तालुक्याच्या डॉक्टरांनी पोराला आत घेतलं, नाकाला नळी लावली. टोपी काढू का म्हणून नर्सने विचारलं, तर द्वारका आणि मी एकदमच म्हणालो, "नको!"

दोन रात्री आम्ही तिथे होतो. त्या दोन रात्री मी देवाशी जे जे बोलले ते मी कुणाला सांगणार नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी दगडूने दूध घेतलं. डॉक्टर म्हणाले, निभावलं.

हंगाम संपून टोळ्या परत गेल्या, तेव्हा तो बैलगाडीत आईच्या मांडीवर बसून मूठ चोखत होता. टोपी घट्ट बसायला लागली होती. पुढच्या वर्षी त्यांची टोळी आमच्या कारखान्यावर आली नाही. मी येणाऱ्या प्रत्येक मुकादमाला विचारलं, बीडची द्वारका, तिचा दगडू. कुणाला सांगता येईना. पुढे ह्यांची बदली झाली, मग अक्का गेल्या, साहेब गेले. मला अजून कधी कधी उजव्या तळव्याला तो ताप लागतो, भाजी चिरताना, टीव्ही बघताना, केव्हाही. मग मी हात पदराला पुसते. ह्यावर्षी एका लग्नात कॉलनीतली एक बाई भेटली. म्हणाली, "इंगवले अक्कांचा मुलगा असतो कुठे हो हल्ली?" माझ्या तोंडून पटकन गेलं, "बंगलोरला. दोन मुली आहेत त्याला." ती म्हणाली, "अरे वा." आणि आम्ही जिलबी घेतली.

पण दवाखान्यातून परत आले त्या दिवशीचं सांगायचं राहिलं. कपडेही न बदलता मी सरळ अक्कांकडे गेले. त्या व्हरांड्यात विणत बसल्या होत्या. दोन दिवसांत वाळून निम्म्या झाल्या होत्या. इकडे सगळं गाव दवाखान्यात चौकशीला जाऊन आलं होतं, एकट्या अक्का फिरकल्या नव्हत्या.

"कसा आहे?" त्यांनी विचारलं. नजर विणकामात.

"बरा आहे. दूध प्यायला."

सुई दोन-चार टाके पुढे गेली. "आणि टोपी?"

"डोक्यावरच आहे."

त्यांनी मान हलवली. मी त्यांच्या पायाशी पायरीवर बसले. बोलायचं नाही असं ठरवून आले होते, पण दोन रात्रींचं जागरण, माझ्याच्याने राहवलं नाही. "अक्का, द्वारकाने मला विचारलं. सुहास जिता आहे का म्हणून."

सुई थांबली. मला कळलंय हे त्यांना त्या क्षणी कळलं. त्यांच्या मानेवरची शीर उडत होती, तेवढीच काय ती हालचाल.

"मग?" त्या म्हणाल्या.

"म्हटलं, आहे. मी बघितलाय त्याला, दिवाळीत."

मला वाटलं, आता त्या रडतील. नाहीतर चिडतील, तोडून बोलतील, माझ्या घरात नाक खुपसायला तुला सांगितलं कुणी म्हणून. तसं काहीच झालं नाही. त्यांनी विणकाम बाजूला ठेवलं. आत साहेबांची चाहूल आहे का ते बघितलं, पदर सारखा केला आणि खुर्ची ओढून माझ्या अगदी जवळ आल्या. इतकी वर्षं ज्याचं सगळं त्याच सांगत आल्या होत्या, त्याच्याविषयी पहिल्यांदाच दुसऱ्या कुणाच्या तोंडून ऐकायला मिळणार होतं.

"कसा दिसतो गं आता?"

"उंच आहे," मी म्हणाले. "साहेबांच्याही वर गेलाय. रंग साहेबांचा, पण डोळे तुमचे. हसला की बारीक होतात."

अक्का ऐकत होत्या. ओठ किंचित उघडे.

"आणि केस?" त्यांनी हळूच विचारलं. "केस आले ना दाट? जावळ फार विरळ होतं गं त्याचं."